जिवंत पकडणाऱ्या मॅडम

मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली ती मे महिन्यात, भर दुपारी, बंद पंख्याखाली.

इंदूरच्या तुकोगंजमधली लॅब होती. पुढं रक्त-लघवी घेण्याचं काउंटर, मागं एक लहान खोली, आणि त्या खोलीच्या दारावर हाताने लिहिलेली पाटी : 'आत येण्यापूर्वी विचार करा.' 'विचारा' लिहायचं असेल आणि चुकून 'विचार करा' झालं असेल, असं मला वाटलं. तसं नव्हतं. त्यांना तेच म्हणायचं होतं.

आमची मिल त्याआधी आठ-नऊ महिने बंद पडली होती. मी रंगाई खात्यात असिस्टंट होतो. कापडाला रंग द्यायचा, शेड जुळवायची, एवढंच मला येत होतं, आणि वय होतं एकोणचाळीस. कोणीतरी सांगितलं की अमुक लॅबमध्ये रंगाचं काम जाणणारा आदमी पाहिजे. मी समजलो, भिंती रंगवायच्या असतील. तरी गेलो.

आत एक पंचेचाळिशीच्या बाई पांढऱ्या कोटात बसल्या होत्या. समोर निळी ज्योत, हातात तारेची कडी. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बसा. बोलू नका. श्वास घ्या, पण भिंतीकडे तोंड करून."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. घाम पाठीवरून खाली जात होता. वर पंखा होता, त्याचं बटण कागदाची पट्टी चिकटवून बंद केलेलं होतं. पंख्याच्या वाऱ्याने धूळ खाली पडते आणि धुळीत जंतू असतात, हे मला नंतर कळलं. पाऊण तासाने त्यांनी विचारलं, "क्रिस्टल व्हायोलेट माहीत आहे?"

"हो. जांभळा रंग."

"चढलेला काढायचा असेल तर?"

"स्पिरिटने निघतो. पण कापड पाहून. जाडं कापड धरून ठेवतं, पातळ लगेच सोडतं."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "जंतूंचंही तसंच आहे. उद्या पावणेनऊला या, मास्टर. नखं कापून."

मिलमध्ये डाइंग मास्टर ही मोठी पोस्ट. मास्टरच्या समोर आम्ही उभे राहायचो. मी मास्टर नव्हतो, हे तिथंच सांगायला पाहिजे होतं. पण पुष्कळ महिन्यांनी कोणीतरी मला काहीतरी म्हटलं होतं, म्हणून गप्प बसलो.

मॅडमचं काम असं होतं. ज्याचा बुखार उतरतच नाही अशा माणसाच्या रक्तात कधीकधी जिवंत जंतू फिरत असतात. फार थोडे. नुसतं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तर सापडत नाहीत. म्हणून शिरेतून रक्त काढायचं आणि लगेच सुपाच्या बाटलीत सोडायचं. सूप म्हणजे खरंच सूप, मांसाचा अर्क. ती बाटली इन्क्युबेटर नावाच्या पेटीत ठेवायची, जिच्यात अंगाइतकी ऊब असते, आणि वाट पाहायची. जंतू असले तर सूप पिऊन वाढतात, एकाचे लाख होतात. मग त्यातला एक थेंब काचेवर पसरून रंगवायचा, ते माझं काम. दुसरा थेंब रक्त मिसळलेल्या लाल ताटलीवर पसरून वाढवायचा आणि कोणतं औषध त्याला मारतं ते बघायचं, ते मॅडमचं. याला कल्चर म्हणतात.

त्या काळी आमच्याकडे चार दिवस बुखार राहिला की लोक विडालची तपासणी करून घेत, टायफॉइडसाठी. तासाभरात उत्तर मिळायचं. मॅडमना ती आवडत नसे.

"ती पडोसीची साक्ष आहे, मास्टर," त्या म्हणायच्या. "पडोसी सांगतो, चोर आला होता. कधी आला, गेला की अजून घरात आहे, त्याला माहीत नाही. कधी पडोसीच चुकतो. मला चोर पाहिजे. आणि जिवंत पाहिजे. मेलेल्याला काय विचारणार, तुला कोणतं औषध लागू पडतं म्हणून?"

जिवंत पकडायला वेळ लागतो. काही उगवलं नाही असं मॅडम सात दिवसांच्या आत कधी लिहून देत नसत. रोज विचारायला येणाऱ्याला रोज एक चिठ्ठी मिळे, तिच्यावर लिहिलेलं असे : 'अजून दिसले नाही. शोध चालू आहे.' खाली सही. एकदा एका कपडेवाल्या सेठने ती चिठ्ठी काउंटरवर आपटली.

"मैडम, सात दिन में तो आदमी निपट जाए."

"निपटला तरी कशाने निपटला ते कळेल," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्यांना वाटलं, आपण धीर दिला.

लॅबचे मालक डॉक्टरसाहेब भले माणूस होते, पण जमाना बदलत होता. रोज नवीन लॅब उघडत होती, बाहेरून मशीनं येत होती, आणि साहेबांनीही दारावर मोठा बोर्ड लावला होता, 'रिपोर्ट आज की आज'. मॅडमनी त्याखाली कागद चिकटवला, 'मागची खोली सोडून'. साहेबांनी तो काढला. दुसऱ्या दिवशी तो परत होता. महिनाभर असं चाललं, मग साहेबांनी पेंटर बोलावून तेवढं बोर्डवरच लिहून घेतलं.

माणसाच्या चामडीवर स्वतःचे जंतू असतातच. रक्त घेताना ते सुईबरोबर आत गेले तर बाटलीत तेच उगवतात आणि नसता रोग गळ्यात पडतो. म्हणून मॅडम रक्त स्वतः घेत. आधी स्पिरिट, मग आयोडीन, मग घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नुसतं थांबायचं. त्या मिनिटात कोणी बोलायचं नाही. लग्नात अंतरपाटापाशी सगळे थांबतात, तसे आम्ही पेशंटच्या हाताभोवती थांबलेलो असायचो.

खाण्यापिण्याचा तर प्रश्नच नव्हता. सेव खिशात ठेवल्याशिवाय इंदूरचा माणूस घराबाहेर पडत नाही. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात माझ्या शर्टाचा खिसा उलटा केला, भुगा पाहिला, आणि मला अंगणात नेऊन शर्ट झटकायला लावला. साहेब केबिनमध्ये पोहे खात असले तर मागच्या खोलीचं दार बंद. स्वतः त्या डबा अंगणात, मेंढीशेजारी बसून खात.

मेंढी होती. लाल ताटल्यांसाठी मेंढीचं रक्त लागतं आणि बाजारातून आणलेल्या रक्तावर मॅडमचा भरवसा नव्हता. म्हणून मागच्या अंगणात साहेबांच्या नव्या गाडीशेजारी मेंढी बांधलेली असे. पंधरवड्यातून एकदा तिच्या मानेतून थोडं रक्त घेतलं जाई, आणि तेव्हाही आयोडीन लावून एक मिनिट थांबत. तिला नाव नव्हतं. मॅडम तिला 'स्टाफ' म्हणायच्या. "स्टाफला पाणी दिलं का?" हे वाक्य ऐकून काउंटरवरची नवीन मुलगी खुश झाली होती, की इथं सगळ्यांची फार काळजी घेतात.

मॅडम महूच्या. आजोबा फौजेत, वडील फौजेच्या दवाखान्यात ड्रेसिंग करायचे. घरात बुद्धांची तसबीर, तिच्याखाली वडिलांचा बिल्ला आणि मुलीची एम.एस्सी.ची पदवी, एकाच उंचीवर. मी एकदा गेलो होतो तेव्हा पाहिलं. रोज सकाळच्या गाडीने यायच्या आणि गाडी लेट झाली तर हजेरीच्या रजिस्टरात स्वतःच्या नावापुढे तांबडी खूण करायच्या. लग्न केलं नव्हतं. साहेबांच्या मिसेसनी एकदा फार खोदून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "दोनदा कल्चर टाकलं होतं. काही उगवलं नाही."

आता साहेबांच्या आईंची हकीकत सांगतो.

आईसाहेब बडा गणपतीपाशी जुन्या घरात राहायच्या. वय सत्तरीच्या आसपास. दिवाळीनंतर त्यांना बुखार यायला लागला, संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. साहेबांनी स्वतः विडाल केली, टायफॉइडचं औषध सुरू केलं. दोनदा कोर्स झाला. बुखार गेला नाही, वजन मात्र गेलं. महिन्याभरात बाई निम्म्या दिसायला लागल्या. साहेबांचा चेहरा उतरला, आणि शेवटी एक दिवस ते मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. पाटी त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच वाचली असेल.

"मॅडम, आईचं कल्चर करू या. फक्त जरा लवकर..."

"आधी औषध दिलंत, आता तपासणी," मॅडम म्हणाल्या. "जंतू अर्धमेले झाले असतील. वेळ लागेल. ती तुमची आई आहे हे त्यांना माहीत नाही."

संध्याकाळी ऑटोने आम्ही दोघं गेलो. आईसाहेब पलंगावर होत्या, आवाज मात्र ठणठणीत होता. मॅडमनी हात साफ केला, आयोडीन लावलं, घड्याळ लावलं. मिनिट संपत आलं आणि आईसाहेबांना शांतता सहन होईना.

"तुमचं आडनाव काय हो?"

मॅडमनी आडनाव सांगितलं. "महूची आहे. वडील फौजेत होते."

आईसाहेबांचा हात मागं गेला, दोन बोटं अंतर, जास्त नाही. मॅडमनी तो पुन्हा धरला, सुई आत गेली, रक्त आलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी बाटली गढूळ झाली. मी थेंब रंगवला. जांभळे गोल दाणे, द्राक्षांच्या घोसासारखे. साहेब धावत आले. "सापडला की. मॅडम, मी आजच भारी इंजेक्शन सुरू करतो."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "हा आईसाहेबांचा नाही. हा माझा आहे."

त्यांनी स्वतःचं बोट एका लाल ताटलीवर घासून ठेवून दिलं. एका दिवसाने त्या ताटलीवर तेच पांढरे ठिपके उगवले. मग त्यांनी रिपोर्ट लिहिला : 'नमुना घेताना माझे बोट साफ केलेल्या जागी लागले. वाढलेले जंतू माझ्या त्वचेचे आहेत. नमुना बाद. पुन्हा घ्यावा लागेल, त्याबद्दल दिलगीर आहे.' खाली पूर्ण सही.

साहेबांनी तो वाचला. "मॅडम, असा रिपोर्ट कोणी देतं का? बाहेर बोर्ड लावू, आमच्याकडे चुका होतात म्हणून?"

"लावा. खरं आहे ते."

साहेब गेल्यावर मी म्हणालो, "मॅडम, बोट का लागलं ते मी पाहिलं. त्यांनी हात ओढला होता."

"ओढला," त्या म्हणाल्या. "पण बोट माझं होतं." आणि नवीन बाटलीवर नाव लिहायला लागल्या.

तो रिपोर्ट साहेबांनी आईला वाचून दाखवला असावा. कारण आम्ही परत गेलो तेव्हा आईसाहेबांनी स्वतःच बाही वर करून हात उशीवर ठेवला होता. "या वेळी मी हलणार नाही," त्या म्हणाल्या. मॅडमनी सकाळी एका हाताचं आणि संध्याकाळी दुसऱ्या हाताचं रक्त घेतलं. पूर्ण मिनिटभर आईसाहेब श्वासही रोखून होत्या. तेवढ्याची गरज नव्हती.

दोन बाटल्या पेटीत गेल्या. तीन दिवस काही नाही. चौथा दिवस शनिवार, डिसेंबरची थंडी, आणि सकाळी दहा वाजता गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळला. वीजवाले म्हणाले, सोमवारच्या आधी काही होत नाही. आमचा जनरेटर त्याच आठवड्यात दुरुस्तीला गेलेला. पेटी थंड व्हायला लागली. साहेब म्हणाले, दुसऱ्या लॅबमध्ये ठेवू. मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू ते पोरं दुसऱ्याच्या घरी ठेवायला सांगत होते.

"अंगाइतकीच ऊब पाहिजे ना?" त्या म्हणाल्या. "अंग आहे."

पेटीत एकूण पाच बाटल्या होत्या, खोकल्याच्या औषधाच्या असतात तेवढ्या, घट्ट झाकणाच्या. तीन मॅडमनी आतल्या खोलीत जाऊन स्वतःच्या पोटाला बांधून घेतल्या. दोन माझ्या. आईसाहेबांची एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. "दोन्ही एकाकडे नको. एक जण पडला तरी दुसरी राहील."

त्या माझ्या शर्टावरून पट्टी गुंडाळत होत्या तेव्हा मला राहवेना. एवढं जोखमीचं काम आपल्यावर टाकलंय, खरं सांगावं. म्हणालो, "मॅडम, मी मिलमध्ये मास्टर नव्हतो. असिस्टंट होतो."

"माहीत आहे. सर्टिफिकेट वाचलं होतं. पोट आत घ्या."

घरी बायकोने स्वयंपाकघरातून माझी चाल पाहिली आणि समजली, काहीतरी आहे. मी सांगितलं. तिने लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मिल होती तेव्हा कपड्यांना रंग लावून आणायचात, तो धुतला तर जायचा. आता रोग बांधून आणताय. जेवायला बसता येईल का, की उभ्यानेच वाढू?"

खरी पंचाईत रविवारी झाली. मिल बंद झाल्यापासून आमचे लोक दर रविवारी दुपारी मिलच्या फाटकासमोरच्या मैदानात जमत. मिल परत सुरू होणार अशी बातमी दर आठवड्याला असायची आणि त्या आठवड्यात जरा जास्तच होती. न जाऊन कसं चालेल? स्वेटर, त्यावर कोट असा गेलो. विणाई खात्यातला माझा जुना दोस्त, तिथं जॉबर म्हणजे मुकादम होता, लांबून हात पसरून आला.

"कां हो, भिया? दिखते नी आजकल."

मी मागं सरकलो. तो पुढं आला. मी आणखी मागं सरकलो. शेवटी त्याने मिठी मारलीच आणि त्याच्या पोटाला टणक लागलं. त्याने कोटावरून चाचपलं. मग चेहरा एकदम पडला.

"दो-दो? भरी दोपहर में?"

"दारू नी है, भिया."

"तो क्या है?"

मला खोटं सुचलं नाही. "खून है."

"किसका?"

"एक तो हमारे साहब की अम्मा का है."

त्याने मला हाताला धरून एका बाजूला नेऊन बसवलं, स्वतः जरा अंतर ठेवून बसला, आणि पाणी पाहिजे का विचारलं. पाच मिनिटांत ही गोष्ट कोणत्या रूपात पुढं गेली मला माहीत नाही, पण आमचे नेते भाषणाला उभे राहिले आणि मिलचा विषय सोडून एकदम बाटलीवर आले. काम गेलं की माणूस कसा बाटलीच्या आधीन होतो, घरातली बाई कशी सोसते, मुलांचं काय होतं. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मी दोन्ही हात पोटावर ठेवून मान खाली घालून बसलो, त्यामुळे मला पश्चात्ताप झाला असं सगळ्यांना वाटलं. निघताना तीन जणांनी पाठीवर हात ठेवला. मिलबद्दल त्या दिवशी काय ठरलं, ते मला आजपर्यंत कळलं नाही.

सोमवारी सकाळी मॅडमनी पट्ट्या सोडल्या. माझ्याकडची आईसाहेबांची बाटली उजेडात धरली. वरचं सूप स्वच्छ होतं. मला वाटलं, गेलं. पण तळाशी बसलेल्या रक्तावर काहीतरी होतं, बारीक पांढरं. मिलमध्ये उडून कपड्यांवर बसतात तसे कापसाचे पुंजके.

"मॅडम, बांधताना हे नव्हतं."

त्यांनी त्यांच्याकडची बाटली धरली. तिच्यातही तेच. त्या खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "रंगवा."

जांभळा चढवला, आयोडीन, मग स्पिरिट. स्पिरिट एक क्षण जास्त झालं तर सगळं वाहून जातं, कमी झालं तर खोटं दिसतं. धुतलं, गुलाबी दिला, वाळवलं. खाली पाहिलं तर जांभळे दाणे, पण या वेळी घोस नव्हते. माळा होत्या. बारीक मण्यांच्या लहान लहान माळा. दुसऱ्या बाटलीतही तशाच.

मॅडमनी दोन्ही काचा खूप वेळ पाहिल्या. मग साहेबांना बोलावलं.

"दोन वेगळे हात," त्या म्हणाल्या, "दोन वेगळ्या वेळा, दोन वेगळी पोटं. आणि आत एकच. या वेळी माझा नाही. आईसाहेबांचे दात कसे आहेत?"

साहेब गोंधळले. "दाढ दुखते म्हणत होत्या, दिवाळीत. का?"

हा जंतू तोंडात राहतो. किडलेल्या दाढेतून रक्तात उतरतो आणि हृदयाची झडप आधीच थोडी खराब असली तर तिच्यावर जाऊन बसतो. मग बारीक बुखार देत राहतो आणि आतून झडप खातो. हे मॅडम सांगत होत्या तेव्हा साहेब उभ्या उभ्या टेबलाला धरून होते. त्यांना हे सगळं पुस्तकातून माहीत होतं. आपल्या घरात त्यांना ते दिसलं नव्हतं. त्याच दुपारी हृदयाच्या डॉक्टरांनी आईसाहेबांना तपासलं आणि छातीत आवाज ऐकला. मॅडमनी ताटलीवर पाहून सांगितलं की साधं पेनिसिलिन या जंतूला मारतं. चार आठवडे इंजेक्शनं चालली. दुसऱ्या आठवड्यात बुखार गेला. दाढही गेली.

होळीच्या सुमाराला आईसाहेब स्वतः लॅबमध्ये आल्या. म्हणाल्या, माझ्यात काय होतं ते मला बघायचंय. मॅडमनी काच ठेवली, डोळा कसा लावायचा ते दाखवलं. आईसाहेब वाकून पुष्कळ वेळ बघत राहिल्या.

"एवढेसे?"

"एवढेसेच असतात."

"आणि माझ्या तोंडातून गेले म्हणता?"

"हो."

"जाऊ दे. तोंडातून माझ्या बरंच काही जातं," आईसाहेब म्हणाल्या. मग सरळ उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाई, मला पाणी द्या. तुमच्या हातचं."

साहेबांनी जमिनीकडे पाहिलं. ही बाई घरून काय ठरवून आली आहे, ते मला कळलं.

"इथं पाणी प्यायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "लॅब आहे."

आईसाहेबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. आयुष्यभराची एक गोष्ट मोडायला निघालेल्या बाईला नियम आडवा आला होता. पण मॅडमनी तोवर कोट काढून खुंटीला लावला होता. कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि म्हणाल्या, "चला बाहेर." काउंटरपाशी माठ होता. त्यांनी ग्लास भरून दिला. आईसाहेब तो पूर्ण प्यायल्या आणि त्यांनी आणखी एक मागितला.

"घरी या पोहे खायला," त्या म्हणाल्या.

"येईन. सेव वेगळी ठेवा."

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मशीन आलं. साहेबांनी हौसेने मागवलेलं, परदेशी, कपाटाएवढं. बाटल्या त्यात लावल्या की ते त्यांना हलवत राहायचं, दर थोड्या वेळाने तपासायचं आणि एखादीत काही वाढलं की घंटी वाजवायचं. कंपनीचा टायवाला इंजिनिअर बसवायला आला होता. जाताना साहेबांना म्हणाला, "सर, अब तो एक लड़की बैठा दो, बस. बाकी स्टाफ की जरूरत नहीं." मी शेजारीच काचा धूत होतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. ती नजर मला ओळखीची होती. मिलमध्ये शेवटच्या वर्षी मॅनेजर लोक खात्यातून फिरायचे तेव्हा अशीच बघायचे.

सगळ्यांना वाटलं होतं, मॅडम मशीनशी भांडतील. त्या भांडल्या नाहीत. त्यांना ते फार आवडलं. समोर स्टूल टाकून बसायच्या. म्हणायच्या, "हे दर दहा मिनिटांनी बघतं, मास्टर. मी जेवायला तरी जाते." पण इंजिनिअर दोन दिवसांनी परत आला तेव्हाही त्या त्याला काही बोलल्या नाहीत, आणि मी मनातल्या मनात बायकोला काय सांगायचं ते जुळवायला लागलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी घंटी वाजली. मशीनची पहिली. साहेब आले, काउंटरवरची मुलगी आली, इंजिनिअरने टाळी वाजवली. "देखिए मैडम. पॉझिटिव्ह."

"कौन है?" मॅडमनी विचारलं.

"जी?"

"वो तो समझ गई, कोई आया है. कौन है?"

इंजिनिअरने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर बाटलीचा नंबर होता आणि लाल दिवा होता. "मैडम, वो तो ये नहीं बताता."

"मास्टर," मॅडम म्हणाल्या, "बघा कोण आहे."

मी थेंब घेतला. चौघं माझ्याभोवती उभे होते, पंखा बंद होता. जांभळा, आयोडीन, स्पिरिट. स्पिरिटची धार काचेवरून उतरताना बघत राहिलो आणि वाटलं तिथं थांबवली. पुढचं झालं, खाली पाहिलं. जांभळं काहीच राहिलं नव्हतं. लहान गुलाबी काड्या होत्या, बऱ्याच.

"गुलाबी काड्या, मॅडम."

त्यांनी पाहिलं, मान हलवली, आणि साहेबांना म्हणाल्या, "मशीन घंटी वाजवेल. दार उघडून कोण आलंय ते बघायला हा माणूस लागेल. पेशंटला सध्या जे औषध चालू आहे ते काड्यांवर चालत नाही. आत्ता बदललं तर उपयोग आहे." मग फोन उचलून नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"मी?" मी म्हणालो. "मॅडम, डॉक्टर आहेत ते."

"पाहिलं कोणी? तुम्ही. मग तुम्ही सांगा."

मी कधी कोणत्या डॉक्टरला फोनवर काही सांगितलं नव्हतं. मिल बंद झाल्यापासून कोणी विचारलं, काय करता, तर मी म्हणायचो, मिलमध्ये होतो. एवढंच. पुढं कोणी विचारत नसे. तिकडून आवाज आला, घाईतला. मी सांगितलं की अमुक पेशंटच्या रक्तात जंतू वाढला आहे, गुलाबी काड्या आहेत, मॅडम म्हणतात औषध बदला. तिकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

"ठीक है. आप कौन बोल रहे हैं?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या पुढच्या बाटलीचं लेबल वाचत होत्या, माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"लॅब से बोल रहा हूँ," मी म्हणालो, आणि माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.